जमीन ‘गेली’ की ‘घेतली’? ऑकलंडच्या माओरी नगरदर्शनाविषयी

१/
भारतातील क्रिकेटवेड्या तरुणांना ‘ईडन’ हे नाव दोन ठिकाणी भेटते : कोलकात्याचे ईडन गार्डन्स आणि ऑकलंडचे ईडन पार्क. दोन्हींच्या मुळाशी एकच घराणे आहे. जॉर्ज ईडन, अर्थात लॉर्ड ऑकलंड, १८३६ ते १८४२ या काळात हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल होता. पहिले इंग्रज-अफगाण युद्ध त्याच्याच कारकिर्दीत ओढवले. न्यूझीलंडच्या भूमीवर त्याने कधी पाऊल ठेवले नाही. तरीही तिथल्या सर्वांत मोठ्या शहराला त्याची पदवी आणि त्या शहरातील एका मृत ज्वालामुखीला त्याचे आडनाव मिळाले, कारण न्यूझीलंडचा पहिला गव्हर्नर विल्यम हॉब्सन त्याचा उपकृत होता. आरमारातील हॉब्सनच्या अडलेल्या कारकिर्दीला ईडननेच हात दिला होता.

२/
कोलकात्यात उभा असलेला लॉर्ड ऑकलंडचा पुतळा १९६९ मध्ये समुद्रमार्गे ऑकलंडला पोहोचला. स्वतंत्र भारताला तो नको होता, ऑकलंडच्या नगरपित्यांना हवा होता. आजही तो शहराच्या मध्यवर्ती भागात उभा आहे. नगरदर्शनाच्या बसमधून जाणाऱ्या भारतीय प्रवाशांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असते की, हा गृहस्थ आपल्याच देशातून इकडे आला.

३/
हा धागा त्या बसविषयी आहे. नेमकेपणाने सांगायचे तर, ‘माओरी संस्कृतीची ओळख करून देणारे नगरदर्शन’ म्हणून ऑकलंडमध्ये जे दाखवले जाते त्याचे इतिहास म्हणून मोल काय, याविषयी. अशा सहलींची टिंगल करणे सोपे असते. इतिहासाचे विद्यार्थी ती आवडीने करतात. प्रस्तुत धाग्याचे मत मात्र निराळे आहे : ही सहल गंभीरपणे घेण्याजोगे ऐतिहासिक साधन आहे, आणि गंभीरपणे घ्यायची म्हणूनच तिची कठोर तपासणीही व्हायला हवी.

४/
आधी भूगोल, कारण इथे भूगोल हाच इतिहासाचा पहिला अध्याय आहे. ऑकलंड वसले आहे ते दोन बंदरांमधल्या चिंचोळ्या भूपट्टीवर. पूर्वेला वाइतेमाता, पश्चिमेला मानुकाउ. ओताहुहू येथे ही पट्टी इतकी अरुंद होते की जेमतेम एक-सव्वा किलोमीटर नाव जमिनीवरून ओढली, की प्रवासी एका समुद्रातून दुसऱ्या समुद्रात उतरतो. माओरी लोक आपल्या लांबलचक नावा, ज्यांना ते ‘वाका’ म्हणतात, इथूनच ओढत नेत. भोवती पन्नासएक ज्वालामुखी, त्यांच्या राखेने सुपीक झालेली माती, दोन्हीकडे मासळी आणि शिंपल्यांची रेलचेल. अशा जागेवर सर्वांचाच डोळा असणार. तिचे माओरी नाव तेच सांगते : तामाकी माकाउराउ, म्हणजे अनेकांनी अभिलाषा धरलेली तामाकी.

५/
ज्या टेकडीला इंग्रजांनी ‘माउंट ईडन’ म्हटले तिचे जुने नाव माउंगाफाउ. ‘फाउ’ हे तिथले एक झाड. त्याचे लाकूड इतके हलके की मासेमारीच्या जाळ्यांना तरंगते म्हणून ते बांधत. माथ्यावर सुबक वाटीसारखे विवर आहे. त्याचे नाव ‘ते इपू आ माताआहो’, भूगर्भातील अग्नीशी निगडित असलेल्या माताआहोचा वाडगा. साधारण पर्यटक १९६ मीटर उंचीच्या या माथ्यावर चढतो, विवराचे छायाचित्र घेतो, मनोऱ्यांकडे पाहतो आणि उतरतो.

६/
जाणता गाईड इथे प्रवाशाला शहराकडे पाठ करून उभे करतो आणि टेकडीच्या उतारावर नजर टाकायला सांगतो. उतार गुळगुळीत नाही. त्यावर पायऱ्यांसारखे सपाट टप्पे कोरलेले आहेत. त्या टप्प्यांवर घरे होती. मधूनमधून आयताकृती खळगे दिसतात. त्यांत कुमारा, म्हणजे रताळी, साठवली जात. रताळे हे उष्ण प्रदेशातले पीक; पॉलिनेशियाच्या ऊबदार बेटांवरून आलेल्या पूर्वजांनी ते न्यूझीलंडच्या थंडीत जगवले ते या खळग्यांच्या जोरावर. बियाणे हिवाळाभर कोरडे आणि उबेत राहिले नाही, तर पुढच्या वर्षी उपासमार ठरलेली. कठडे, खंदक, लाकडी तटबंदी, कोठारे आणि वस्ती असा हा सारा संच म्हणजे ‘पा’, तटबंदीचे गाव. ज्याने महाराष्ट्रातील एखाद्या डोंगरी किल्ल्यावर धान्यकोठाराचे जोते आणि पाण्याचे टाके शोधण्यात दुपार घालवली आहे, त्याला माउंगाफाउचा उतार वाचायला फार वेळ लागणार नाही.

७/
टेकडीवरची आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे, ती म्हणजे रिकामा रस्ता. पूर्वी बसगाड्या थेट माथ्यापर्यंत जात. २०१६ पासून माउंगाफाउच्या माथ्यावर खासगी वाहनांना बंदी आहे. चालण्यास असमर्थ असणाऱ्यांसाठी तेवढी सोय ठेवलेली आहे. विवरात उतरण्यास मनाई आहे. या निर्णयावर पुष्कळांनी नाराजी व्यक्त केली. त्यामागे २०१४ चा कायदा होता. त्या कायद्याने ऑकलंडमधील १४ ज्वालामुखी टेकड्यांची मालकी तिथल्या १३ इवी आणि हापूंच्या समूहाकडे परत गेली. इवी म्हणजे मोठा वंशसमूह, हापू म्हणजे त्यातील कुळसमूह. टेकड्यांना कायद्याच्या भाषेतही आता ‘तुपुना माउंगा’, पूर्वजपर्वत, म्हटले जाते. माओरी माणूस स्वतःची ओळख सांगताना प्रथम आपला डोंगर, मग आपले पाणी, मग आपल्या पूर्वजांची वाका सांगतो. स्वतःचे नाव शेवटी येते. अशा पूर्वजाच्या डोक्यावर डिझेलचा धूर सोडू नये, एवढीच ती मागणी होती.

८/
जे डोंगर परत करता आले नाहीत त्यांची यादीही सहलीत असायला हवी. ती सहसा नसते. ज्वालामुखीची तांबडी खडी रस्त्यांना आणि लोहमार्गांना उत्तम. म्हणून एकोणिसाव्या-विसाव्या शतकांत ऑकलंडच्या कित्येक टेकड्या खणून काढल्या गेल्या. ते पोउ हावाइकी समूळ नाहीशी झाली. रारोतोंगा, इंग्रजी नावाने माउंट स्मार्ट, खणता खणता सपाट झाली आणि तिच्या जागी आज क्रीडांगण आहे. पूर्वजपर्वत दाखवणारी बस ज्या रस्त्यावरून धावते त्या रस्त्याखालीही एखादा पूर्वजपर्वत पसरलेला असू शकतो. हे वाक्य एखाद्या गाईडने उच्चारले तर बसमध्ये क्षणभर शांतता पसरेल, आणि ती पसरावी.

९/
आता शब्दांकडे. नगरदर्शनाच्या पत्रकांत आणि फलकांत एक वाक्यरचना पुन्हा पुन्हा येते. तिचा मराठी अवतार असा : ‘कालांतराने माओरींची जमीन गेली.’ मराठीत ‘गेली’ हे क्रियापद मोठे सोयीचे आहे. छत्री जाते, वेळ जातो, वीज जाते. कोणी नेली हे विचारावे लागत नाही. ‘घेतली’ म्हटले की लगेच कर्ता हवा, तारीख हवी, किंमत हवी. माओरी नगरदर्शन चांगले की वाईट हे ठरवण्याची एक साधी कसोटी सुचवता येते. ती नृत्याच्या अस्सलपणाची नाही आणि जेवणाच्या चवीचीही नाही. गाईडच्या वाक्यांना कर्ता आहे का, एवढेच पाहावे.

१०/
ही कसोटी १८४० ला लावून पाहू. त्या वर्षी ६ फेब्रुवारीला वाइतांगीचा तह झाला. इंग्रजी मसुद्यात सार्वभौमत्व सोडून देण्याची भाषा होती. माओरी मसुद्यात राजसत्तेला ‘कावानातांगा’, म्हणजे राज्यकारभार, दिला होता आणि माओरी सरदारांचे ‘रांगातिरातांगा’, म्हणजे स्वतःच्या भूमीवरचा पूर्ण अधिकार, राखला होता. बहुसंख्य सरदारांनी माओरी मसुद्यावर सही केली. त्याच वर्षी न्गाती फातुआचे प्रमुख आपिहाइ ते कावाउ यांनी हॉब्सनला वाइतेमाताच्या काठी येऊन राहण्याचे निमंत्रण दिले. त्यात मुत्सद्देगिरी होती. १८२० च्या दशकात उत्तरेकडील न्गापुही बंदुका घेऊन उतरले, तेव्हा तामाकी जवळजवळ ओस पडली होती. न्गाती फातुआ नुकतेच परतले होते. गव्हर्नर शेजारी असेल तर हल्ले थांबतील आणि व्यापार येईल, हा हिशेब चुकीचा नव्हता.

११/
२० ऑक्टोबर १८४० च्या दस्तानुसार सुमारे ३,००० एकर जमीन दिली गेली. मोबदला : ५० पौंड रोख, ५० ब्लँकेटे, २० विजारी, २० सदरे, २० कुऱ्हाडी, तंबाखू, लोखंडी भांडी, थोडी साखर, थोडे पीठ आणि असेच काही. वर्ष उलटण्याच्या आत सरकारने त्यातले चाळीसेक एकर लिलावात विकले आणि २०,००० पौंडांहून अधिक रक्कम मिळवली. सरकारच्या लेखी ही विक्री होती. न्गाती फातुआच्या लेखी ते ‘तुकू फेनुआ’ होते, नात्यासाठी दिलेली जमीन. तिच्याबरोबर पाहुण्यावर कायमची जबाबदारी येते आणि देणाऱ्याचा संबंध तुटत नाही. एकाच कागदावर दोन वेगळे व्यवहार झाले. नगरदर्शनात ही यादी मोठ्याने वाचून दाखवावी. ब्लँकेटांची संख्या ऐकल्यावर आणखी भाष्याची गरज उरत नाही.

१२/
इथे एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. न्गाती फातुआ हेही विजेतेच नव्हेत का? होय. अठराव्या शतकाच्या मध्याला त्यांनी वाइओहुआ या आधीच्या लोकांचा पराभव केला. वाइओहुआंचा प्रमुख किवी तामाकी लढाईत मारला गेला. त्याचे मुख्य ठाणे माउंगाकीएकीए होते. परंतु विजयानंतर सोयरिकी झाल्या, दोन्ही रक्ते मिसळली, आणि आजचे न्गाती फातुआ ओराकेइ वंशावळीत दोहोंचे वारस आहेत. शिवाय तामाकीवर इतर इवीही हक्क सांगतात. कोणाच्या भूमीवरचा तुकडा भरपाई म्हणून कोणाला द्यावा, हा वाद २०१८ मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. तेव्हा एखाद्या हापूचा गाईड सांगतो तो ‘माओरींचा इतिहास’ नसतो. तो त्या हापूचा इतिहास असतो. हा दोष मानण्याचे कारण नाही. बखर वाचताना ती कोणाच्या दरबारात लिहिली गेली हे जसे आधी पाहायचे, तसेच इथेही करायचे. स्वतःचे कुळ जाहीरपणे सांगून बोलणारा गाईड हा ‘तटस्थ’ माहितीफलकापेक्षा अधिक प्रामाणिक साक्षीदार असतो.

१३/
माउंगाकीएकीएचा थांबा ओझरताच घेऊ. इंग्रजी नाव ‘वन ट्री हिल’. ते नाव देणारे माओरींचे पूज्य झाड वसाहतवाल्यांनीच १८५२ मध्ये तोडले. नंतर तिथे परदेशी पाइन वाढला. १९९४ मध्ये एका माओरी कार्यकर्त्याने त्याच्यावर यांत्रिक करवत चालवली, पुन्हा एकदा हल्ला झाला, आणि २००० मध्ये झाड काढावे लागले. २०१६ मध्ये तिथे पोहुतुकावा आणि तोतारा या देशी झाडांची रोपे लावली गेली. शेजारचा उंच स्तंभ जॉन लोगन कॅम्पबेल या व्यापाऱ्याच्या इच्छेनुसार माओरींच्या स्मरणार्थ उभारला आहे. ते लोक आता नामशेष होणार, या समजुतीचा काळ होता तो. जिवंत लोकांचे स्मारक बांधणारी अशी घाई जगात इतरत्रही झाली आहे.

१४/
खरी कसोटी मात्र पूर्वेला आहे, समुद्रकाठच्या रस्त्यावर. बहुतेक सगळ्या बसगाड्या एका उंच कड्यावर थांबतात. तिथे मायकेल जोसेफ सॅव्हेज या पहिल्या मजूरपक्षीय पंतप्रधानाची समाधी, स्तंभ, जलाशय आणि रेखीव बाग आहे. खाली निळे बंदर, समोर रांगीतोतो. दृश्य अप्रतिम. कड्याचे इंग्रजी नाव बॅस्टियन पॉइंट. माओरी नाव ताकापाराफाउ.

१५/
कड्याखाली ओकाहूचा उपसागर आहे. १८४० नंतर तीन दशकांत न्गाती फातुआकडे ऑकलंडमध्ये उरली ती ओराकेइची सुमारे ७०० एकर जमीन. १८६९ मध्ये न्यायालयाने ती विकता न येणारी ठरवली आणि १३ जणांच्या नावे केली. ही तरतूद लवकरच उलटली. १८९८ मध्ये जमिनीचे वैयक्तिक हिस्से पाडले गेले, आणि हिस्से पडले की एकेक हिस्सा विकत घेता येतो. पुढील तीस वर्षांत सरकारने जवळजवळ सारे हिस्से गोळा केले. याच काळात शहराच्या मैल्याची नळवाहिनी ओकाहूच्या वाळूवरून, गावाच्या तोंडासमोरून, नेण्यात आली. मैला शेजारीच समुद्रात सुटू लागला. शिंपले ज्यांचे रोजचे अन्न होते, त्या लोकांचा समुद्रच नासला. त्या वाहिनीच्या बांधामुळे गावात पावसाचे पाणी तुंबू लागले, ते वेगळेच. मग अधिकाऱ्यांनी नोंदवले की गाव अनारोग्यकारक आहे.

१६/
१९५१-५२ मध्ये उरलेली घरे आणि माराए, म्हणजे सभागृह व अंगण मिळून होणारे कुळाचे केंद्र, पाडून जाळण्यात आले. कुटुंबांना टेकडीवरच्या सरकारी घरांत भाडेकरू म्हणून बसवले. ज्यांनी राजधानीसाठी ३,००० एकर दिले होते, त्यांच्याकडे शेवटी पाव एकराची दफनभूमी उरली.

१७/
त्याच किनारी रस्त्यावर आज एक लोकप्रिय मत्स्यालय आहे. १९८५ मध्ये ते सुरू झाले. पेंग्विन, शार्क, पाण्याखालचा पारदर्शक बोगदा. सहलीतील मुलांचा सर्वांत आवडता थांबा. ते उभारले आहे मैला साठवण्याच्या जुन्या, बंद पडलेल्या टाक्यांत. हे गुपित नाही; उलट कल्पक पुनर्वापराचे उदाहरण म्हणून अभिमानाने सांगितले जाते, आणि अभियांत्रिकी म्हणून ते खरेही आहे. मात्र त्या टाक्या कोणाच्या अंगणाजवळ होत्या हे वाक्य त्याला जोडले जात नाही. माहिती तीच, जागा तीच. एक कर्म गाळले की शोकांतिकेची मौज होते.

१८/
कड्यावरची काही जमीन सरकारने संरक्षणाच्या नावाखाली फार आधीच, १८८६ मध्ये, घेतली होती. गरज संपल्यावर ती मूळ मालकांना परत न देता शहराला दिली गेली. १९७६ मध्ये सरकारने उरलेल्या जमिनीवर महागड्या घरांची योजना जाहीर केली. ५ जानेवारी १९७७ रोजी जो हॉक यांच्या नेतृत्वाखाली लोक कड्यावर जाऊन बसले. तंबू, झोपड्या, भाजीचे मळे, सभागृह. त्यांनी तिथे ५०६ दिवस मुक्काम केला. त्या काळात लागलेल्या आगीत पाच वर्षांची एक मुलगी दगावली. २५ मे १९७८ रोजी लष्कराच्या साहाय्याने शेकडो पोलीस आले आणि त्यांनी २२२ जणांना अटक केली. झोपड्या आणि मळे बुलडोझरखाली गेले. पण १९८७ मध्ये वाइतांगी न्यायाधिकरणाने न्गाती फातुआच्या बाजूने अहवाल दिला आणि १९९१ च्या कायद्याने ताकापाराफाउ परत मिळाले.

१९/
सॅव्हेजच्या बागेपासून आंदोलनाच्या माळापर्यंत चालत काही मिनिटे लागतात. सामान्य नगरदर्शनात ती काही मिनिटे नसतात. बस थांबते, बंदराची छायाचित्रे निघतात, बस सुटते. हापूचे लोक स्वतः मार्गदर्शन करतात तेव्हा मात्र बहुधा इथेच सर्वांत अधिक वेळ जातो, कारण सांगणाऱ्याची आजी खालच्या गावात वाढलेली असते, काका अटकेत गेलेला असतो. तिथे ‘जमीन गेली’ असे कोणी म्हणत नाही.

२०/
आता विद्यापीठीय नाकमुरड्यांविषयी. १९७३ मध्ये डीन मॅकॅनल या समाजशास्त्रज्ञाने पर्यटनातील ‘रंगमंचावरचा अस्सलपणा’ ही कल्पना मांडली : पर्यटकाला पडद्यामागचे खरे जीवन हवे असते, म्हणून त्याच्यासाठी पडद्यामागचा देखावाही रचला जातो. कल्पना मार्मिक आहे. पण तिचा वापर आळशीपणे झाला. हाका पैसे घेऊन केला म्हणजे खोटा, जमिनीत पुरून शिजवलेले हांगीचे जेवण तिकिटावर दिले म्हणजे भेसळ, असे निकाल ऐकू येतात. या निकालांना इतिहासाचा आधार नाही.

२१/
माओरी गाईड हा दीडशे वर्षांचा पेशा आहे. १८७०-८० च्या दशकांत जगभरचे प्रवासी रोटोमाहाना सरोवराकाठचे गुलाबी आणि पांढरे सिलिकाचे सोपान पाहायला येत. त्या वाटेवरचे मार्गदर्शन तुहोउरांगी लोकांच्या हाती होते, आणि त्यांतली सर्वांत नामांकित गाईड होती सोफिया हिनेरांगी. वाट त्यांची, होड्या त्यांच्या, दरही त्यांचे. छायाचित्रासाठी निराळे पैसे. ‘लोभी’ म्हणून गोऱ्या प्रवाशांनी त्यांच्यावर टीका केली; जणू स्वतःच्या जमिनीवर शुल्क आकारणे ही फक्त इंग्रजांची कला. ते वाइरोआ गावातील हिनेमिही या कोरीव सभागृहातील पूर्वजमूर्तींना शिंपल्याच्या डोळ्यांऐवजी सोन्याची नाणी बसवलेली होती, असे सांगतात. १० जून १८८६ च्या रात्री तारावेराचा स्फोट झाला. सोपान नाहीसे झाले, शंभराहून अधिक माणसे मेली. सोफियाच्या घराच्या भक्कम छपराखाली साठाहून अधिक जण वाचले.

२२/
तुहोउरांगी मग रोटोरुआजवळ फाकारेवारेवा येथे आले आणि गाईडचा पेशा तिथे चालू राहिला. तिथली माकेरेती, जिला पर्यटक मॅगी पापाकुरा म्हणत, तिने १९०१ मध्ये पुढे पाचवा जॉर्ज झालेल्या राजपुत्राला गाव दाखवले. नंतर इंग्लंडमध्ये स्थायिक झाल्यावर ती ऑक्सफर्डला मानववंशशास्त्र शिकू लागली आणि आपल्याच लोकांवर प्रबंध लिहिला. १९३० मध्ये, तो सादर होण्यापूर्वी, तिचे निधन झाले. १९३८ मध्ये तो पुस्तकरूपाने आला. माओरी विदुषीने माओरी जीवनाविषयी लिहिलेला तो पहिला मोठा मानववंशशास्त्रीय ग्रंथ मानला जातो. म्हणजे ज्या ज्ञानशाखेने पुढे गाईडच्या कामाला ‘देखावा’ म्हटले, त्या ज्ञानशाखेत माओरी बाजूने पहिले मोठे पाऊल टाकले ते एका गाईडनेच. वर्षानुवर्षे परक्यांचे प्रश्न झेलत उत्तरे देणे ही तिची तयारी होती.

२३/
आणि हाका? १९२० च्या दशकात वाइकातोच्या ते पुएआ हेरांगी यांनी गायन-नृत्याचा ताफा उभारला, गावोगावी तिकीट लावून प्रयोग केले आणि जमलेल्या पैशांतून न्गारुआवाहिया येथील तुरांगावाएवाए माराए उभे राहिले. जप्त झालेल्या मुलखात, परत विकत घेतलेल्या जमिनीवर. तमाशाच्या फडाने गावचे देऊळ किंवा शाळा बांधायला हातभार लावल्याच्या कथा महाराष्ट्रातही ऐकू येतात. त्या प्रयोगांना कोणी खोटे म्हणत नाही. तिकीट कोणाच्या गल्ल्यात पडले, हा प्रश्न अस्सलपणाच्या प्रश्नापेक्षा नेहमीच अधिक उपयोगी.

२४/
तरीही माओरींच्या हातातील सहलीही टीकेतून सुटत नाहीत. बाजाराला सुखान्त हवा असतो. कड्यावरची जमीन परत मिळाली, सर्वांनी हात मिळवले, चला आता होंगी करू, म्हणजे नाकाला नाक आणि कपाळाला कपाळ लावून श्वास वाटून घेऊ. हा शेवट गोड आहे पण अपुरा आहे. ३,००० एकरांतील किती परत आले, हा हिशेब त्यात बुडतो. पुष्कळदा गाईडचा सौम्यपणा बाजारापेक्षा ‘मानाकितांगा’तून, पाहुण्याचा मान राखण्याच्या धर्मातून, येतो, हेही खरे. यजमानाने पाहुण्याला लाजवू नये. पण माओरी शिष्टाचारातच याचे उत्तर आहे. माराएवर पाहुण्याचे स्वागत आव्हानाने सुरू होते : एक योद्धा पुढे येतो, जमिनीवर खूण ठेवतो, आणि पाहुणा ती उचलून आपला हेतू स्पष्ट करतो. गोड बोलणे त्यानंतरचे. नगरदर्शनाने स्वागताचा हा क्रम उलटवला आहे. सुरुवात गाण्याने, आव्हान जमल्यास.

२५/
शेवटी मराठी प्रवाशाविषयी थोडे. न्यूझीलंडच्या नकाशावर त्याला ओळखीची नावे भेटतात आणि तो हरखतो. वेलिंग्टनचे एक उपनगर खंडाळा या नावाने ओळखले जाते. ऑकलंडहून रोटोरुआकडे निघालेली बस दक्षिणेच्या महामार्गावर ‘बॉम्बे’ अशी पाटी ओलांडते, आणि बसमधील निम्मे फोन खिडकीकडे वळतात. नाव मुंबईवरून थेट आलेले नाही. ‘बॉम्बे’ नावाच्या जहाजातून १८६० च्या दशकात आलेले वसाहतवाले तिथे बसले, म्हणून ते पडले.

२६/
ते तिथेच का बसले, हे मात्र पाटीवर नसते. जुलै १८६३ मध्ये गव्हर्नर जॉर्ज ग्रे याच्या सरकारने ऑकलंड आणि वाइकातोच्या मधल्या माओरी गावांना फर्मावले : राणीशी निष्ठेची शपथ घ्या, नाहीतर मांगातावहिरी ओढ्यापलीकडे चालते व्हा. काही दिवसांतच, १२ जुलैला, सैन्याने तो ओढा ओलांडला. पुढे वाइकातोची सुमारे १२ लाख एकर जमीन कायदा करून जप्त केली गेली. ऑकलंड आणि युद्धभूमी यांच्या मधला पट्टा वसाहतवाल्यांनी भरून काढणे हा त्याच धोरणाचा भाग होता. बॉम्बेच्या टेकड्या उतरल्या की थोड्याच अंतरावर बस मांगातावहिरीच्या परिसरातून जाते. बहुतेक गाईड इथे ध्वनिक्षेपक बंद ठेवतात, कारण पुढचा थांबा दूर असतो आणि प्रवासी नुकतेच जेवलेले असतात.